सात नंबरला पाणी

लाल मुंगी चावते म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे. ती आधी जबड्याने कातडी पकडते, मग बूड वळवून नांगी मारते, आणि एवढ्यावर समाधान झालं नाही तर जागा थोडी बदलून पुन्हा मारते. हे मला एमएस्सीला शिकवलं होतं, पण खरं कळलं ते निमोण्याच्या गायरानात, पहिल्याच दिवशी, डाव्या पायाला. मी ज्या उंचवट्यावर उभी राहून तिथे मेंढ्या राखणाऱ्या आप्पांना प्रयोगाचं महत्त्व समजावत होते, तो उंचवटा म्हणजे मुंग्यांचं वारूळच होतं. माझं भाषण अर्ध्यावर राहिलं आणि मी जे काही नाचले ते बघून आप्पा म्हणाले, "कळलं, ताई. म्हत्त्वाचं काम हाय."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझा प्रबंधाचा विषय होता, चराऊ रानातल्या लाल मुंग्यांवर कोणतं औषध लागू पडतं. विषय सरांनी दिला होता. सर म्हणजे माझे गाईड. मुंग्यांवरचा दांडगा अभ्यास असलेला हा माणूस मुंग्यांना भयंकर भ्यायचा. गायरानात यायचं झालं की पॅंट मोज्यात खोचायचे, वरून रबरबॅंड लावायचे, बुटांवर टाल्कम पावडरचा थर द्यायचे आणि तरीही जीपच्या बॉनेटवर बसूनच मार्गदर्शन करायचे. "जरा वाकून बघ," ते वरून सांगायचे. वाकणारी मी.

मी यवतची. घर हायवेला लागून. एसटीच्या पाट्या वाचत वाचत मी अक्षरं शिकले, असं आई सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. रस्त्यावर वाढलेल्या पोरीचा पाटीवर विश्वास असतो. पाटीवर दौंड लिहिलंय म्हणजे गाडी दौंडला जाणार, ड्रायव्हरचं तोंड बघायची गरज नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ तिथे आहे.

गायरानात मी बारा चौकोन आखले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात खुंटी आणि खुंटीवर पत्र्याची पाटी, पांढऱ्या रंगावर काळा नंबर, एक ते बारा. चार प्रकार होते. तीन चौकोनांना पावडर, तिघांना पाण्यात कालवून वारुळात ओतायचं औषध, तिघांना दाणा, म्हणजे तेलात आणि औषधात घोळलेला मक्याचा भरडा, जो मुंग्या स्वतःच आनंदाने राणीपर्यंत पोचवतात. आणि उरलेल्या तिघांना नुसतं पाणी. हे पाणीवाले म्हणजे कंट्रोल. काहीच औषध दिलं नाही तर काय होतं, हे कळल्याशिवाय औषधाने काय झालं ते कसं कळणार?

हे मी आप्पांना तीन वेळा समजावलं. आप्पांच्या घराण्यात पूर्वी मोठा वाडा होता, वाडा म्हणजे मेंढरांचा. आता मुलं शेती करायची, ज्वारी नि कांदा, आणि आप्पांनी हट्टाने वीसेक मेंढ्या राखल्या होत्या. दिवाळीनंतर त्या व्यायच्या. आसपासची रानं तेव्हा ज्वारीखाली, त्यामुळे मेंढ्या बसायच्या त्या गायरानातच, दोन बाभळींच्या मधल्या जागेत, जिथे मागच्या टेकाडामुळे वारा लागत नसे. आदल्या वर्षी तिथे आप्पांची तीन कोकरं आंधळी झाली होती. कोकरू पडतं तेव्हा ओलं असतं, उठायला वेळ लागतो, आणि मुंग्या आधी डोळ्यांकडे जातात. आप्पांनी बाजारातली पावडर टाकून बघितली होती. मुंग्यांनी घर चार हात पलीकडे हलवलं, एवढंच.

"दोन बाभळींच्या मधी दाना टाका," आप्पा म्हणाले. "बाकी तुमचं काय करायचं ते करा."

"असं नाही करता येत, आप्पा. चिठ्ठ्या काढायच्या. जे निघेल ते."

"मंग काढा की. पन तिथं दाना निगू द्या."

चिठ्ठ्या मी डब्याच्या झाकणात टाकल्या आणि शेजारी शेळ्या राखणाऱ्या चाचींना काढायला लावल्या. चाचींचं घर गावात पिढ्यान्‌पिढ्यांचं. नवरा शिरूरला गाद्या भरायचा, घरी पाच शेळ्या, आणि त्या शेळ्यांची बसायची जागा आप्पांच्या जागेला लागूनच. चाचींनी डोळे मिटून, बिस्मिल्ला म्हणून चिठ्ठ्या काढल्या. बाभळींच्या मधला चौकोन सात नंबरचा होता. सातला पाणी निघालं. शेजारचा, चाचींच्या शेळ्यांचा आठ. आठला दाणा.

आप्पांचं तोंड उतरलं. "परत काढा," ते म्हणाले.

इथे मी जे बोलले ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. मी तेवीस वर्षांची होते, बॅगेत संख्याशास्त्राचं पुस्तक होतं, आणि मी म्हणाले, "आप्पा, चिठ्ठीला कुणी सख्खं नाही, कुणी सावत्र नाही. विज्ञान असंच असतं." एवढं बोलून मी लुनाला किक मारली आणि ती नेहमीप्रमाणे सुरू झाली नाही. आप्पांनीच ढकलून दिली.

पुढच्या सोमवारी औषधं टाकली. मी एकेका पाटीसमोर जायची, नंबर वाचायची, वहीत बघायची, टाकायची. सातसमोर मापाने पाणी ओतलं, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. आठमध्ये दाणा पसरताना माझी ओढणी बाभळीच्या काट्यात अडकली. हिसडा दिला तर टरकन फाटली आणि मापातला दाणा पायावर सांडला. मी एक शिवी दिली, पुन्हा मोजून टाकला आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: "आठ: दाणा सांडला, पुन्हा घेतला." शिवी लिहिली नाही. प्रत्येक वारुळाभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या आणि सांगितलं, आठ दिवस एकही जनावर आत नको. आप्पा त्या दिवशी फार मदत करत होते. पाणी आणून दे, काट्या रोव, ऊन लागतंय म्हणून टोपी दे. मला वाटलं, म्हातारा राग विसरला. मोठं मन आहे.

मोजणीची पद्धत अशी: शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेला बिस्किटाचा तुकडा पुठ्ठ्यावर ठेवायचा, अर्ध्या तासाने त्यावरच्या मुंग्या मोजायच्या. पहिल्या खेपेला चाचींच्या शेळ्यांनी बारापैकी पाच पुठ्ठे बिस्किटासकट खाल्ले. सरांना कळवलं तर ते म्हणाले, "शेळ्यांची नोंद घेऊ नकोस." आप्पांची मोजणी वेगळी होती. ते आपली काठी वारुळात उभी धरायचे आणि मनात काहीतरी पुटपुटून बघायचे, मुंग्या कुठवर चढल्या. मुठीपर्यंत आल्या तर वारूळ जोरात. वीतभर चढून परत फिरल्या तर राणी आजारी. मी आधी हसले, मग गुपचूप ताडून बघितलं. त्यांची काठी आणि माझं बिस्कीट एकाच बाजूने बोलत होतं, आणि काठी शेळ्या खात नव्हत्या.

पहिल्या दोन आठवड्यांत सगळं पुस्तकाबरहुकूम चाललं. पावडरवाल्या मुंग्यांनी बिऱ्हाडं हलवली. दाणावाल्या चौकोनांत मुंग्या घटत गेल्या. पाणीवाले तीन चौकोन गजबजलेले. सात तर विशेष. मी खूश, सर बॉनेटवर खूश.

तिसऱ्या सोमवारी सातच्या बिस्किटावर एकही मुंगी आली नाही. मी अर्ध्या तासाऐवजी तासभर बसले. काही नाही. आणि आठमध्ये, जिथे दाण्याने सगळं आटोक्यात आलं होतं, तिथलं बिस्कीट दिसेना इतक्या मुंग्या. मी आकडे घेऊन पुण्याला गेले. सरांनी वही वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"म्हणजे तुझ्या पाण्याने मुंग्या मेल्या."

"हो, सर."

"आणि औषधाने वाढल्या."

"हो, सर."

"मग आपण नळाचं पेटंट घेऊ या," सर म्हणाले. आख्ख्या विभागात ही गोष्ट चहाबरोबर फिरली. शिपाईसुद्धा माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवताना "जपून" म्हणायला लागला. मला हसू येत नव्हतं. हंगाम गेला तर वर्ष जाणार होतं.

चौथ्या सोमवारी सर स्वतः आले. रबरबॅंड, पावडर, बॉनेट. मी सातसमोर जाऊन बसले आणि चिडून इकडेतिकडे बघायला लागले. वहीत उत्तर नाही, पाटीवर नाही, म्हणून नाइलाजाने वर बघितलं. महिनाभरात बहुधा पहिल्यांदाच. समोरच्या बाभळीच्या काट्यात माझ्या ओढणीची निळी चिंधी लटकत होती.

ओढणी फाटली ती दाणा टाकताना. दाणा टाकला आठमध्ये. आणि चिंधी सातमध्ये. मी चिंधीकडे बघितलं, मग दोन बाभळींकडे बघितलं, मग त्या दोन बाभळींच्या मधे कुंपणासारख्या लावलेल्या जाळ्यात आरामात बसलेल्या आप्पांच्या मेंढ्यांकडे बघितलं. त्यांच्यात चाचींच्या शेळ्याही बसल्या होत्या.

"आप्पा!" मी ओरडले.

आप्पा काही पळाले नाहीत. काठी टेकत आले, चिंधीकडे बघितलं आणि म्हणाले, "तवाच काढाय पायजे व्हती. राहूनच गेली."

"पाट्या बदलल्या तुम्ही? सातची आठला, आठची सातला?"

"व्हय. चिठ्ठ्या काढल्या, त्याच्या दुसऱ्या दिशी. औषधाला हात लावला न्हाई हां मी. चिठ्ठीला बी न्हाई. पाटीच तेवढी हलवली."

मला भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त राग माझाच आला, कारण समोर दोन बाभळी उभ्या असताना मी नुसती पाटी वाचून सातचं पाणी दुसरीकडे ओतलं होतं. बॉनेटवरून सर हसत होते. खो खो. मी चाचींकडे वळले, कारण माझ्या मते लुबाडलं गेलं होतं ते त्यांना.

"चाची, कळतंय का? तुमच्या जागेचा दाणा यांनी पळवला."

चाची शेळीच्या पायातला काटा काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पाटी मीच उपटली," त्या म्हणाल्या. "आप्पांच्या हाताला कुठं जोर हाय आता? मीच उपटली आन् मीच ठोकली. त्यांच्या मेंढ्या पोटाशी. माझ्या शेळ्या संक्रांतीच्या पुढं व्यायच्या. मी म्हनलं, आधी तुमचं होऊ द्या."

आता सरांचंही हसू थांबलं. खुंट्या ठोकून, कागदावर नकाशा काढून मी जे आखलं होतं, त्याच्या खाली हा दुसरा प्रयोग चालू होता आणि त्याचा आराखडा माझ्यापेक्षा बरा होता. पण एक गोष्ट मला कळेना.

"बदलल्या ते बदलल्या. परत का लावल्या? तशाच ठेवल्या असत्या तर मला जन्मात कळलं नसतं." हे खरंच होतं. पाट्या परत हलल्या नसत्या तर माझे आकडे चोख आले असते, सात नंबरी पाटीखाली पाणी आणि आठ नंबरी पाटीखाली दाणा.

 चाची उठल्या, जाळ्यात गेल्या आणि एक करडू उचलून घेऊन आल्या. तांबूस रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याचा उजवा डोळा नव्हता. तिथली कातडी आत ओढून सुकली होती.

"एक शेळी आधीच व्याली," चाची म्हणाल्या. "मी भाकरीला घरी गेल्ते. येऊस्तोवर झालं व्हतं."

आठ नंबरच्या जागेत. जिथे मी मापाने पाणी ओतलं होतं.

"त्या दिशीच पाट्या जागच्या जागी लावल्या," आप्पा म्हणाले. "म्हनलं, माझं भागलं. कोकरं धड पडाय लागली. आता सोमवारी ताई यतील, पाटी बगतील, आन् दाना ह्या भाभींच्या जागंला पडंल. म्हनून लावली." आणि मग त्यांनी माझ्या लुनावरच्या पेटीकडे मान केली. "आनलाय न्हवं आज? मागल्या सोमवारी न्हाई टाकला तुमी. आमी वाट बगितली."

दर सोमवारी मी येते म्हणजे आणखी एकदा तरी औषध टाकणारच, अशी त्यांची समजूत होती. शेतात फवारणी अशीच असते, एकदा फवारलं, पंधरा दिवसांनी पुन्हा. मी त्यांना कंट्रोल तीन वेळा समजावलं होतं, पण दाणा एकदाच टाकायचा आहे हे एकदाही सांगितलं नव्हतं. ते कुणी विचारलं नव्हतं आणि माझ्या नकाशात त्यासाठी जागा नव्हती. मागच्या सोमवारी ती दोघं माझी वाट बघत उभी होती आणि मी त्यांच्यासमोर बिस्किटावरच्या मुंग्या मोजून निघून गेले होते.

"दाणा एकदाच होता, आप्पा," मी म्हणाले. 

 चाचींनी करडू खाली सोडलं. ते आंधळ्या बाजूने माझ्या पायावर धडकलं आणि उभं राहिलं.

"बाकीच्या शेळ्या तर आता आप्पांच्या जाळ्यात आहेत ना?" मी विचारलं. मला कुठेतरी हो ऐकायचं होतं.

"दिसा असत्यात," चाची म्हणाल्या. "पन व्यायची वेळ आली की शेळी आपल्या जागंलाच जाती. तिला कुठं सांगता येतं? अजून दोन हाईत."

मी पेटी उघडली. राखीव म्हणून आणलेला दाणा तळाला होता. बॉनेटवरून सर ओरडले, "अगं, काय करतेस? तुझा पाण्याचा प्लॉट आहे तो! अजून दोन मोजण्या राहिल्यात!"

"वहीत आठला दाणाच आहे, सर," मी म्हणाले. "महिनाभर उशीर झाला, एवढंच."

मग सरांनी एक गोष्ट केली जी मी त्यांना आयुष्यात पुन्हा करताना पाहिली नाही. ते बॉनेटवरून खाली उतरले. रबरबॅंड तपासले, पावलं बघत बघत आले आणि माप धरायला हात पुढे केला. दाणा पसरून झाला तेव्हा त्यांच्या मानेवर दोन मुंग्या चढल्या होत्या. मानेवर मुंगी चढू शकते याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. ते जे नाचले ते बघून आप्पा इतक्या दिवसांनी हसले, आणि चाचींनी पदराने तोंड झाकून घेतलं.

जाताना सर म्हणाले, "सात आणि आठ, दोन्ही आकडेमोडीतून गाळ. कारण लिही, जनावरांनी पाट्या हलवल्या."

हे मी नंतर आप्पांना सांगितलं. "मंग आमी दोगं जनावरं व्हय?" ते म्हणाले, पण त्यांना मनापासून राग आला नव्हता. दहा चौकोनांवर माझा प्रबंध झाला. जरा लंगडा, पण झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. प्रबंध त्यांनी ओळ न् ओळ वाचला होता, तक्त्यांखालच्या बारीक टिपांसकट. पाट्यांबद्दल विचारतील म्हणून मी जनावरांचं उत्तर पाठ करून गेले होते. त्यांनी पाट्यांबद्दल विचारलंच नाही. नोंदवहीच्या एका पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "आठ नंबरच्या प्लॉटला चौथ्या आठवड्यात औषध दिलेलं दिसतं. हे तुमच्या आराखड्यात कुठेच नाही. का दिलं?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. पाठ केलेलं उत्तर मला आठवलं, पण तोंडात आलं नाही.

"सर, तिथे अजून दोन शेळ्या व्यायच्या राहिल्या होत्या," मी म्हणाले.